दोन खोल्या आणि प्रभुभोजनाचा पेला

सोलापूर, रविवार दुपार

प्रिय बाळा,
सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. पुण्यातली नोकरी सोडून प्रभूच्या पूर्णवेळ सेवेत यावं का, असं विचारलंस. आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरात, उपासनेत बसल्यावरही फ्लॅटचे हप्ते आणि पगारवाढच डोळ्यांसमोर असते, असं लिहिलंस. मी ती शेवटची ओळच पुन्हा पुन्हा वाचली.

शब्बाथशाळेत, म्हणजे आपल्या रविवारच्या बायबलच्या वर्गात, मी तुम्हा मुलांना त्या श्रीमंत तरुणाची गोष्ट शिकवली होती. सगळं विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये, असं प्रभू म्हणाला आणि तो खिन्न होऊन निघून गेला. तेव्हा एक गोष्ट सांगायची राहून गेली. येशूचं चरित्र लिहिणाऱ्या मत्तय, मार्क आणि लूक तिघांनीही हा प्रसंग लिहिलाय, पण ते मागणं करण्याआधी येशूने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, हे एकटा मार्क सांगतो. म्हणजे 'सोड' हा शब्द प्रेमाने भरलेल्या नजरेतून आला होता. तो रागाचा हुकूम म्हणून ऐकलास तर तूही खिन्न होऊनच परतशील.

सगळ्यांना त्याने एकच मागितलं नाही, हेही बघ. श्रीमंत जकातदार जक्कय अर्धी संपत्ती द्यायला उठला, तर प्रभूने उरलेल्या अर्ध्याचा हिशोब विचारला नाही. मार्थेच्या घरी तो पाहुणा म्हणून उतरला, घर विकायला लावलं नाही. ज्याची गाठ जिथे, तिथेच तो बोट ठेवतो.

माझी गाठ दोन खोल्यांत होती. वडील गिरणी कामगार, त्यांनी पै-पै जोडून त्या बांधल्या. ते गेल्यावर माझ्यात आणि धाकट्या भावात वाटणीवरून बिनसलं. तीन वर्षं आम्ही एकाच देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दोन बाकांच्या अंतरावर बसत होतो आणि एकमेकांशी अक्षर बोलत नव्हतो. प्रभुभोजनाच्या रविवारी, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून, द्राक्षरसाच्या छोट्या काचेच्या पेल्यांचा ट्रे बाकावरून हातोहात पुढे येतो. एका रविवारी तो माझ्या हातात आला आणि मला पेला उचलवेना. तसाच पुढे दिला. पेले किणकिणले, तो आवाज अजून कानात आहे. अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, हे वचन मी दर वर्षी मुलांकडून पाठ करून घेत होतो!

त्याच आठवड्यात, मे महिन्याच्या भर उन्हात, भावाच्या दारात गेलो. म्हणालो, हक्कसोडपत्र करून देतो. तो काहीच बोलला नाही. भावजयीने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे ठेवली, आम्ही तिघं खाली मान घालून जेवलो. त्या रात्री मला शांत झोप लागली असं सांगणार नाही. पुढे कितीतरी दिवस त्या गल्लीतून जाताना पोटात कालवायचं. सोडणं एका सहीत झालं, सुटायला वर्ष लागलं.

म्हणून घाई करू नकोस. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. मिशनचा पगार सोडून ते संन्यस्त वृत्तीने राहू लागले ते १९१७ साली, म्हणजे तब्बल २२ वर्षांनी. शिवाय तुझ्या आईच्या आजारपणाचं कर्ज अजून फिटलेलं नाही. आईवडिलांना द्यायचं ते 'देवाला वाहिलंय' म्हणून हात झटकणाऱ्यांना प्रभूने फार कडक शब्दांत सुनावलं होतं. त्या कर्जाचे हप्ते भर, तीही सेवाच आहे. फ्लॅटचं मात्र स्वतःला खरं खरं विचार: तो राहायला हवाय की मित्रांना दाखवायला?

माया आटवणं म्हणजे भक्ती, असंही समजू नकोस. पुण्याहून इकडे येताना दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेलं मुक्ती मिशन तिथे आहे. एकदा उतरून बघ. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. सगळं काम तिच्या हाती सोपवायचं म्हणून जिला वाढवलं, तीच आधी गेली. त्या आईला दुःख झालं नसेल? तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं काम त्या एप्रिल १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत करत राहिल्या. मुलीवर जीव होता, पण तो जीव ज्याने दिला त्याच्यावर त्याहून जास्त होता.

सध्या एकच कर. दिवसातली एक वेळ प्रभूच्या नावे बांधून टाक. माझे वडील पहाटेच्या भोंग्याआधी उठून प्रार्थनेला बसत. गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, पगार थांबला, पण ते त्याच वेळेला उठत राहिले. अंधारात त्यांची कुजबुज ऐकू यायची, त्यात आम्हा दोघा भावांची नावं असायची. लहानपणी मी पांघरुणात पडून माझं नाव कधी येतं याची वाट बघायचो.

नाताळला येशील तेव्हा थेट माझ्याकडेच उतर. हल्ली रविवारी दुपारी भाऊही जेवायला असतो. तुझा फ्लॅटचा हिशोबही घेऊन ये, तिघं बसून बघू.

तुझे,
सर