खांदा परत फाटला, आता म्हणे पॅच लावायचा

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, बाबा ६४ वर्षांचे, शुगर आहे. दोन वर्षांपूर्वी उजव्या खांद्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, रोटेटर कफची (खांदा उचलणाऱ्या-फिरवणाऱ्या स्नायूंची) नस शिवली. गणपतीत माळ्यावरून मखर काढताना कट्कन आवाज आला नि आता एमआरआयमध्ये परत फाटलेलं दिसतंय. सर्जन म्हणतात या वेळी पॅच लावून शिवू. तो मेलेल्या माणसाच्या कातडीचा असतो म्हणे, मग शरीर नाकारणार नाही का? आई माळकरी आहे, ती एकच विचारते, डुकराचा तर नसेल ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी आईंचं, कारण प्रश्न रास्त आहे. डुकराच्या आतड्याच्या अस्तराचा पॅच खांद्यात वापरून बघितला गेला होता, पण फायदा दिसला नाही, उलट काही पेशंटना खांदा सुजून त्रास झाला, त्यामुळे तो मागे पडला. पण डुकराच्या कातडीचे पॅच आहेत आणि गाईच्या टेंडनपासून (स्नायू हाडाला जोडणारा दोर) केलेलेही आहेत, तेव्हा कशाचा लावणार ते ऑपरेशनच्या आधीच स्पष्ट विचारा, सर्जन सांगतील, यात लाजायचं काही नाही.

माणसाच्या कातडीचा पॅच म्हणजे देहदानातून मिळालेली त्वचा, तिच्यातल्या पेशी धुऊन काढलेल्या असतात, उरते ती कोलाजेन या प्रथिनाची जाळी, म्हणून शरीर सहसा नाकारत नाही आणि किडनी बदलल्यावर लागतात तशा आयुष्यभर गोळ्या लागत नाहीत. दुसऱ्याचं नकोच असेल तर बाबांच्याच मांडीवरचा जाड पडदा (फॅशिया लाटा) काढून वापरता येतो, फक्त मग मांडीही काही दिवस दुखते.

आता परत का फाटलं. (नस नाही हो, टेंडन, पण सगळे नसच म्हणतात.) बहुतेक वेळा दोरा तुटत नाही, दोऱ्यापाशी टेंडन फाटतं. जुन्या विरलेल्या साडीला टाका घातला की टाका तसाच राहतो आणि साडी बाजूने उसवते, अगदी तसं. पॅच वरून शिवला की ताण वाटला जातो, आणि टेंडन हाडापर्यंत पोचत असेल तर याचा उपयोग होतो. पोचतच नसेल आणि मधली फट नुसत्या पॅचने भरायची असेल तर मी तरी जास्त आशा दाखवणार नाही. जपानच्या डॉ. मिहाता यांची एक वेगळी पद्धत आहे, त्यात ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून आणलेला पडद्याचा तुकडा, खांद्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून दंडाच्या हाडापर्यंत ताणून बसवतात म्हणजे हाड वर सरकत नाही.

पण खरा प्रश्न पॅचचा नाहीच, टेंडनमागच्या स्नायूचा आहे. टेंडन फाटून बराच काळ गेला की स्नायूत चरबी भरते, एमआरआयवर त्याची गुटालिए ग्रेड ० ते ४ अशी काढतात. ३ किंवा ४ असेल तर टेंडन कितीही छान शिवा, ओढणारा स्नायूच उरलेला नसतो, आणि पॅच काही तो परत आणत नाही. मग दुसऱ्या स्नायूचं टेंडन वळवून आणणं किंवा रिव्हर्स शोल्डर, म्हणजे कृत्रिम सांधा बसवताना गोळा आणि वाटीची अदलाबदल करून हात डेल्टॉइडने (खांद्यावरच्या बाहेरच्या मोठ्या स्नायूने) उचलायचा, हे पर्याय येतात, आणि ६४ वय त्याला काही कमी नाही.

अजून एक. परत फाटलेलं दिसलं म्हणजे ऑपरेशन करायचंच असं नाही, दुखत नसेल आणि हात डोक्यापर्यंत जात असेल तर नीट फिजिओवर निभावणारे पुष्कळ आहेत. करायचंच ठरलं तर आधी शुगर आटोक्यात आणा, तंबाखू असेल तर बंद, आणि खांद्यात जुनं छुपं इन्फेक्शन नाही ना ते विचारा, तिथले जंतू ताप न आणताही बसून असतात. नंतर साधारण ६ आठवडे हात झोळीत. तीन महिन्यांनी बरं वाटायला लागतं, आणि नेमके तेव्हाच लोक माळ्यावर चढतात, वजन उचलायला मात्र निदान ६ महिने लागतात.

सर्जनकडे जाताना एमआरआयची सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको, आणि मागच्या ऑपरेशनची नोट पण, हाडात अँकर (दोरा धरून ठेवणाऱ्या खुंट्या) किती नि कुठे आहेत त्यावर नवीन कुठे बसणार ते ठरतं.