घरात ठेवायला निर्भीक घ्यावं की निडर?

तुम्ही लिहिलंय की लायसन्स मंजूर झालंय, शेतावरच्या घरात तुम्ही आणि आई दोघीच असता, आणि रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर .32 बोरचं (बोर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप, इंचात) टायटॅनियमचं निर्भीक घ्यावं की .22 बोरचं ॲल्युमिनियमचं निडर, हे ठरत नाहीये. तुमचा कल निडरकडे आहे, कारण ते वजनाला निम्मं आणि किमतीला त्याहूनही कमी.

मी रायफल क्लबमध्ये नवीन येणाऱ्यांना शिकवते. माझं मत निर्भीकच्या बाजूने आहे.

आधी दोन्हींची ओळख. निर्भीक कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीचं, जानेवारी 2014 मध्ये आलं. टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन साधारण 500 ग्रॅम, सहा गोळ्या. तेव्हा किंमत 1,22,360 रुपये होती. निडर पश्चिम बंगालमधल्या इच्छापूर रायफल फॅक्टरीचं. ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, वजन 250 ग्रॅम, आलं तेव्हा 35 हजारांच्या आसपास. आजचे भाव दुकानातच विचारा.

हलकं हत्यार हा फायदा ते दिवसभर अंगावर बाळगणाऱ्याला. तुमचं तर घरात पेटीत राहणार. आणि हातात घेतल्यावर हलकेपणा उलट आडवा येतो. रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे मागचा हातोडा, आधी मागे न ओढता थेट चाप दाबला, तर बोटाला काही किलोंचा जोर लावावा लागतो. हातातली वस्तू पाव किलोची. त्या जोराने नळीचं टोक हलतं, गोळी सुटायच्या आधीच. रेंजवर नवख्यांच्या मागे उभी असते तेव्हा हे रोज दिसतं: चाप अर्ध्यावर आला की पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) खाली झुकते, आणि गोळी निशाणाच्या खाली कुठेतरी जाते. अर्धा किलोचं निर्भीक तितकं डगमगत नाही.

आता गोळी. .32 मध्ये नेहमी मिळणारी शिशाची गोळी साधारण 98 ग्रेनची, म्हणजे सहा ग्रॅमच्या थोडी वर. .22 ची 40 ग्रेन, अडीच ग्रॅमच्या जवळपास. .22 लाँग रायफल या काडतुसाच्या वेगाचे जे आकडे लोक सांगतात ते लांब नळीच्या रायफलचे असतात. चिमुकल्या नळीतून तीच गोळी बरीच मंद जाते. .32 हेसुद्धा जगाच्या मानाने सौम्यच काडतूस आहे, त्यामुळे त्याच्या झटक्याची धास्ती घेऊ नका. 25 मीटरच्या सेंटरफायर (हा काडतुसाचा प्रकार, पुढे सांगते) पिस्तूल स्पर्धेत नेमबाज हेच बोर वापरतात, ते त्याच्या अचूकपणामुळे.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. .22 चं काडतूस रिमफायर असतं. त्यात पेट घेणारी दारू बुडाच्या काठात भरलेली असते, आणि ती सगळीकडे सारखी पसरली नसेल तर बार फुसका जातो. .32 सेंटरफायर आहे, बुडाच्या मधोमध वेगळी टोपी असते, आणि ती जास्त भरवशाची. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप दाबला की पुढचं काडतूस समोर येतं हे खरं, पण रात्री दार कोणी तोडत असताना त्या एका फुसक्या बाराचं ओझं मी तुमच्यावर टाकणार नाही. .32 ची काडतुसं आपल्या खडकीच्या फॅक्टरीची मिळतात, बुडावर केएफ असा छाप बघून घ्या.

धातूवरून मात्र फार डोकं शिणवू नका. टायटॅनियम गंजत नाही, ॲल्युमिनियमलाही लाल गंज चढत नाही. पण आतल्या स्प्रिंगा आणि पिना पोलादाच्याच, त्यामुळे पावसाळ्यात तेलाचा हात दोन्हींना हवा. चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नका, चामडं ओल धरतं.

निडर मी कोणाला सुचवेन? ज्यांच्या बोटांत संधिवात आहे, मनगट अधू आहे, .32 चा झटका सोसतच नाही, त्यांना. आईसाठी म्हणून विचार करत असाल तर थांबा: लायसन्स तुमच्या नावावर आहे, ते हत्यार आईने वापरायचं नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी 2023 मध्ये आलेलं कानपूरचंच प्रबळ एकदा हातात घेऊन बघा. .32 बोर, वजन 700 ग्रॅम, नळी 76 मिलिमीटर, आणि सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचं फिरतं चक्र, बाजूला उघडतं. घरातच ठेवायचं असेल तर ते दोनशे ग्रॅम मला जड वाटत नाहीत.

दुकानात दोन्ही रिकामी आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, नळी भिंतीकडे धरा आणि दुकानदाराला विचारून चाप दाबा. साइट किती हलते ते बघा. निडरच्या बाबतीत आत डमी (दारू नसलेलं) काडतूस घालायला सांगा, कारण रिमफायरची पिन रिकामी आपटली तर सिलिंडरमधल्या काडतुसाच्या खोबणीच्या कडेला खड्डा पाडते.

काडतुसांच्या सरावासाठी पैसे बाजूला ठेवा. भिंतीत बोल्टने बसवलेली लोखंडी पेटी त्याच दिवशी घ्या, चावी फक्त तुमच्याकडे. आणि निवडणूक लागली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते. जमा केल्याची पावती लायसन्सच्या फाइलमध्येच लावून ठेवा, परत घेताना तीच मागतात.