रेसिंगचे सूट, पट्टे, हेल्मेट तपासण्याचं काम: बारावीनंतर काय?

प्रश्न: आम्ही दापोलीजवळ राहतो. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित घेतलंय. मोटार रेसिंगची सुरक्षा साधनं तपासण्याचं काम करायचं म्हणते. मी घरी शिवणकाम करते, मला यातलं काही कळत नाही. शिक्षण कोणतं? कोकणात राहून होईल का?

उत्तर: ताई, यातलं बरंच तुम्हाला कळेल. रेसिंग सूटवर नाव भरताना साधा पॉलिएस्टर दोरा चालत नाही. आगीत तो वितळून चिकटतो. दोरा नोमेक्ससारखा, आग न धरणारा लागतो आणि भरतकाम फक्त सर्वांत बाहेरच्या थरावर करायचं. टाका आतपर्यंत गेला की थर दाबले जातात, मधली हवा जाते आणि चटका लवकर आत पोचतो. 2020 मध्ये बहारीनच्या शर्यतीत फॉर्म्युला वनचा चालक रोमाँ ग्रोजाँ पेटलेल्या गाडीतून 27 सेकंदांनी बाहेर आला, तेव्हा अंगावर असाच थरांचा सूट होता. अशा सूटचं एफआयएचं, म्हणजे मोटार रेसिंगच्या जागतिक संघटनेचं, मानक 8856-2018.

चालकाला सीटला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचं मानक 8853-2016. लेबलवर मुदतीचं वर्ष असतं. ते उलटलं की पट्टा नवा दिसला तरी बाद. उन्हाने धागा कमजोर होतो, आपल्या खाऱ्या हवेत बक्कल गंजतं. हेल्मेटमधलं थर्माकोल जोराच्या धडकेत दबलं की पुन्हा फुगत नाही, वरून कवच शाबूत दिसलं तरीही. म्हणून पडलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही.

शिक्षणात माझी पहिली पसंती टेक्स्टाइल इंजिनीअरिंगला: मुंबईचं व्हीजेटीआय किंवा इचलकरंजीचं डीकेटीई. एमएचटी-सीईटी मन लावून द्यायला सांगा. कोकणातच राहायचं तर लोणेरेच्या विद्यापीठात मेकॅनिकल. कॉलेजचा बाहा संघ (विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवून उतरायची स्पर्धा) असेल तर त्यात शिरून रोल केज (चालकाभोवतीचा संरक्षक पिंजरा), पट्ट्यांचे बोल्ट आणि अग्निशामक यांची जबाबदारी तिने मागून घ्यावी.

फक्त रेसिंगवर चालणाऱ्या नोकऱ्या आपल्याकडे थोड्या आहेत, हे आधीच सांगते. सुरुवात हेल्मेट, सीटबेल्ट किंवा अग्निरोधक कपड्यांच्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात करावी. दुचाकीच्या हेल्मेटचं भारतीय मानक आयएस 4151 तिथे हाताखालून जातं, आणि चाचणीची शिस्त सगळीकडे तीच.

या सुट्टीत एक करा. तुमच्या डब्यातले सुती आणि पॉलिएस्टर दोरे घ्या. स्टीलच्या ताटात, शेजारी पाणी ठेवून, चिमट्याने धरून एकेक जाळा. सुतीची राख होईल, पॉलिएस्टरचा कडक काळा मणी. तुम्ही शेजारी बसा आणि तिला प्रत्येक दोऱ्याचं नाव, जळताना काय झालं आणि शेवटी काय उरलं, हे वहीत लिहायला लावा.