बदल दिसत नाही तेव्हा आधी हे बघ

खानापूरच्या दुकानदारांसाठी मराठी-कन्नड बिलांचं ॲप जँगोत (पायथनमधल्या वेब-ॲपच्या चौकटीत) करतोयस, फार गरजेचं काम आहे. कन्नड मजकूर बदलूनही पानावर जुनाच दिसतो म्हणालास. पायथन फाइल सेव्ह केली की रनसर्व्हर, म्हणजे जँगोचा चाचणीसाठीचा सर्व्हर, आपणहून पुन्हा सुरू होतो. तू भाषांतर लिहितोस ती पीओ फाइल मात्र तो वाचतच नाही, तिच्यापासून बनलेली एमओ फाइल वाचतो. कंपाइलमेसेजेस ही कमांड चालव, एमओ फाइल तयार होऊ दे, मग बदल दिसेल.

ॲप सुरू होताना रेडी फंक्शनमधून छापलेला मेसेज दोनदा दिसतो, तो दोष तुझ्या कोडचा नाही. रनसर्व्हर दोन प्रोसेस चालवतो: एक फाइलींवर लक्ष ठेवते, दुसरी ब्राउझरला उत्तर देते. ॲप सुरू होताना चालणारं हे रेडी फंक्शन दोन्हीकडे चालतं. म्हणून तिथून गिऱ्हाइकाला एसएमएस पाठवू नकोस, दोन जातील. खात्री करायची तर रनसर्व्हरला नोरीलोड हा पर्याय लावून बघ, मग एकच प्रोसेस चालते.

जागोजागी प्रिंट टाकण्यापेक्षा शंकेच्या ओळीवर ब्रेकपॉइंट हे फंक्शन लिही, पायथन 3.7 पासून ते भाषेतच आहे. प्रोग्रॅम तिथंच थांबतो आणि टर्मिनलवर एकेक व्हेरिएबल तपासता येतं.

बेळगावच्या सर्व्हरवर चढवताना मात्र सेटिंग्जमधलं डीबग फॉल्स (बंद) करच. ते चालू असताना चूक झाली की येणाऱ्या पिवळ्या एरर पानावर गिऱ्हाइकाची माहितीसुद्धा उघडी पडू शकते.