मजुरीचा हिशेब आधी मांड

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा मसुदाही वाचला. विणण्याआधी सुताला लावायच्या तुझ्या नव्या खळीचा प्रयोग कारखान्यात फसला, तेव्हा आता विषय बदलून नॅनोतंतूंकडे वळू का, असं विचारतेस. तिथे शोधनिबंध लवकर निघतील, मागांच्या शेडमध्ये उभं राहावं लागणार नाही, गाइडही खूश होतील. नॅनोतंतूंशी माझं वैर नाही. ज्याला त्यात मनापासून रस आहे त्याने ते जरूर करावं. पण तू रसापोटी निघालेली नाहीस, तू इथून पळते आहेस. आणि पळता पळता मागे एक वाक्य ठेवलंयस, ते मला फार झोंबलं : 'यंत्रमाग कामगार व मालक यांचा बदलाला असलेला विरोध हे अपयशाचे प्रमुख कारण होय.'

हे वाक्य खोड. आज रात्रीच खोड.

अगं, इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे गल्लोगल्ली माग झाले. साधे माग, मग ऑटोलूम, मग रॅपिअर, एअरजेट. माणसांनी कर्जं काढली, घरं गहाण टाकली, पण माग घेतले. त्या गावाला तू बदलाचा विरोधक ठरवतेस? त्यांनी तुझ्या खळीला नाही म्हटलं, एवढंच खरं आहे. का म्हटलं, ते तू विचारलं नाहीस. तुझ्या प्रश्नावलीत वय आहे, शिक्षण आहे, मागांची संख्या आहे, 'नवतंत्रज्ञानाविषयीची वृत्ती' एक ते पाच गुणांत आहे. मजुरी कुठे आहे?

माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगत आलो, तुलाही सांगितलं होतं. तुझा शोध ज्याच्या हातून वापरला जाणार, त्याच्या मजुरीचा हिशेब आधी मांड. सुताच्या ताकदीचा तक्ता नंतर.

तू मांडला नाहीस, तर मी मांडतो. खळीतून पीव्हीए हा कृत्रिम पॉलिमर काढून टाकायचा आणि स्टार्चवर भागवायचं, ही तुझी कल्पना उत्तम आहे. स्टार्च अमायलेज या विकराने सुटतो आणि जिवाणू तो खातात. पीव्हीए सहजी कुजत नाही, प्रोसेसच्या, म्हणजे कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्याच्या, सांडपाण्यातून पुढे जातो. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको. पण तुझ्या साऱ्या चाचण्या झाल्या २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत. शेडवर सिमेंटचे पत्रे असतात. एप्रिलमध्ये दुपारी तिथली हवा कोरडी ठणठणीत होते, लोक जमिनीवर पाणी मारतात. स्टार्चचा थर ओलाव्यावर जगतो. ओलावा गेला की तो कडक होतो, तडकतो. पीव्हीए जो लवचीकपणा देत होता तो तू काढून घेतलास आणि त्याजागी काही दिलं नाहीस. तुझ्याच तक्त्यात सुताची ताकद वाढलेली आहे, पण शेजारच्या रकान्यात तुटेपर्यंतची लांबण घटली आहे. त्यावर तू एक ओळही लिहिली नाहीस! मागावर ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, तार मिनिटाला शंभर-दीडशे वेळा ताणली जाते, वहीबरोबर (तारा उचलणाऱ्या चौकटीबरोबर) वर-खाली होते, फणीशी घासते. नुसत्या ताकदीवर ती टिकत नाही. त्या दिवशी तू मागाखाली वाकून पाहिलं असतंस तर पांढरी भुकटी दिसली असती. ती तुझी खळ होती.

आता तार तुटली की काय होतं ते बघ. एका कामगाराकडे सहा माग आहेत असं धर. तार तुटलेला माग तो थांबवतो, तुटलेलं टोक शोधतो, गाठ मारतो, वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या दातातून तार ओवतो आणि माग पुन्हा सुरू करतो. तेवढ्यात दुसऱ्या मागावरची आडव्या सुताची कांडी संपलेली असते. त्याची मजुरी मीटरवर, पिकाच्या (आडव्या धाग्यांच्या संख्येच्या) दराने. माग उभा राहिला की त्याचा खिसा कापला जातो, आणि तार चुकून कापड विणलं गेलं तर त्याची कपात वेगळी. त्यात तो माग खर्चीवाल्याचा, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्याचा. खळ कोणती लावायची हे खर्चीवाला ठरवत नाही, ताण्याचं सूत गुंडाळलेलं बीम व्यापाऱ्याकडून खळ लावूनच येतं. म्हणजे तुझ्या शोधाचा फायदा प्रोसेसवाल्याला, नदीला आणि तुझ्या प्रबंधाला. तोटा मात्र एकट्या विणणाऱ्याला. त्याने मालकाला सांगितलं, ही खळ चालत नाही. तो बरोबर होता. याला विरोध म्हणत नाहीत, याला हिशेब म्हणतात.

हे माझं जुनं पालुपद आहे असं वाटत असेल तर पाकिस्तानातल्या सियालकोटचा अभ्यास काढून वाच. डेव्हिड ॲटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या फुटबॉल कारखान्यांसाठी कापायचा नवा साचा तयार केला. फुटबॉलचे पंचकोनी तुकडे रेक्झिनमधून असे कापायचे की कमीत कमी माल वाया जाईल. गणित पक्कं, फायदा उघड, साचा फुकट वाटला. पंधरा महिन्यांनंतरही फारच थोड्यांनी तो वापरला होता. कारण कापणाऱ्याला मजुरी नगावर. वाचलेल्या रेक्झिनमधलं त्याला काही मिळत नव्हतं, उलट नव्या साच्याने सुरुवातीला त्याचा हात मंदावत होता. त्याने मालकाला सांगितलं, साचा बेकार आहे. मग संशोधकांनी एवढंच केलं की मालकासमोर नवा साचा नीट चालवून दाखवणाऱ्याला साधारण महिन्याच्या कमाईइतकी रक्कम देऊ केली. वापर वाढला. कारखान्याच्या हिशेबात ती रक्कम किरकोळ होती. हा अभ्यास २०१७ साली 'क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये छापून आला, म्हणजे अर्थशास्त्रात ज्याच्या वर जायला जागा नाही अशा ठिकाणी.

त्याआधी २०१३ साली त्याच नियतकालिकात आपल्या दारातला अभ्यास आला होता. निकोलस ब्लूम आणि मंडळींनी तारापूर आणि सीमेपलीकडच्या उंबरगावातल्या विणाईच्या कारखान्यांत प्रयोग केला. काही कारखान्यांना काही महिने मोठ्या सल्लागार कंपनीची मदत दिली. सूत लेबल लावून ठेवणं, दोषांची रोज नोंद, बंद मागांचं कारण लिहिणं, अशा ३८ साध्या सवयी. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. आधी का केलं नव्हतं? बऱ्याच मालकांना आपला माल ठीकच आहे असं वाटत होतं, मोजलंच नव्हतं कुणी. हा आकडा तू प्रस्तावनेत ठळक घेतला आहेस. पण नऊ वर्षांनी तीच माणसं परत गेली, त्याचं तुझ्याकडे नावही नाही. सुरू केलेल्या सवयींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. मुख्य कारणं दोन : मॅनेजर बदलले आणि मालकांना वेळ नव्हता. उरलेल्या मात्र टिकल्या, आणि मदत न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा ते तेव्हाही पुढे होते. निम्मं सुटलं आणि निम्मं टिकलं, या दोन्हींच्या मध्ये तुझा प्रबंध आहे, बाई. तिथे खणायचं सोडून तू वृत्तीला गुण देत बसलीस.

आणि हे फक्त गरीब मुलखाचं दुखणं समजू नकोस. स्वीडनच्या रिन्यूसेलने जुन्या सुती कपड्यांपासून व्हिस्कोससाठी लगदा बनवला. रसायनशास्त्र अस्सल होतं, एच अँड एमसारखा भागधारक पाठीशी होता. २०२२ साली सुंड्सवालला मोठा कारखाना सुरू झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दिवाळं निघालं, कारण पुढच्या साखळीतून पुरेशा ऑर्डरी आल्या नाहीत. ब्रँड कौतुक करत होते, पण लगदा विकत घेणारे होते तंतू बनवणारे. त्यांनी महाग माल कशासाठी घ्यायचा, याचं उत्तर वेळेत मिळालं नाही. पुढचा हात कुणाचा, त्याच्या पदरात काय पडतं, हा प्रश्न तिथेही तोच.

मला राग येतो तो यासाठी, की हे सगळं मी सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या, वाफेत उभा राहून शिकलो, तेव्हा ते छापायला कुणी तयार नव्हतं. खळीचं प्रमाण, शेडची हवा आणि विणणाऱ्याची कमाई एकत्र मांडलेला माझा लेख एका नियतकालिकाने 'स्थानिक स्वरूपाचा' म्हणून परत पाठवला. माझ्याबरोबरचे पुढे प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले. माझ्या फायलीत निबंध कमी भरले आणि बढती राहिली ती राहिलीच. खंत आहे, नाही म्हणत नाही. निवृत्तीच्या दिवशी ती जास्तच टोचली. पण सायझिंगच्या भट्टीवरची माणसं अजून मला फोन करून विचारतात, मास्तर, यंदा मका बदललाय, खळ पातळ येतेय, काय करू? ते फोन मी कुठल्याही पदाशी बदलणार नाही. मी हट्टी होतो असं सगळे म्हणाले. होतो. तोच प्रश्न आता बाहेरून आलेले अर्थतज्ज्ञ विचारतात आणि जग वाचतं, तर तो प्रश्न इथल्या, खळ ओळखणाऱ्या मुलीने का विचारू नये? त्यांना तार का तुटली ते कळत नाही, तुला कळतं. तुझ्याजवळ दोन्ही आहे आणि तू नॅनोतंतूंचं बोलतेस!

असो. रागावलो, पण तुझी खळ चांगली आहे म्हणूनच रागावलो. पीव्हीए एकदम शून्यावर आणू नकोस; थोडा ठेव, लांबण कुठे सावरते ते बघ आणि मऊपणासाठी काय घालता येईल ते पुन्हा तपास. पुढचा प्रयोग वैशाखात कर, पावसाळ्यात नको. तारा किती तुटतात ते स्वतः मागापाशी उभं राहून मोज, दिवाणजीला विचारून लिहू नकोस. आणि प्रयोग चालेल तितके दिवस विणणाऱ्याला त्याच्या नेहमीच्या कमाईइतकी मजुरी प्रकल्पाच्या पैशांतून दे, मीटर कमी भरले तरी. अंदाजपत्रकात तशी वेगळी ओळ घाल. समिती ती कापेल, म्हणेल हे संशोधनाच्या खर्चात बसत नाही. कापली तर लगेच मला कळव, मी स्वतः येऊन त्यांच्याशी बोलेन. तिसरं प्रकरण नव्याने लिही आणि मजुरीच्या रकान्यासकट पाठव.

तुझा,
सर