टोकन द्यायच्या आधी एकदा मे महिन्यात घर बघा

मागच्या अंकात गळतीवर लिहिलं तर पत्रांचा ढीगच आला, आणि त्यातली निम्मी तरी एकाच गोष्टीची, की घर घेताना नाहीतर विकताना कुणा जाणकाराकडून तपासून घ्यावं का. चार पत्रं घेतोय, बाकीच्यांनी यातच आपापलं उत्तर शोधा.

प्रश्न : मी पुण्याला नोकरीला, आई-वडिलांसाठी जळगावला गावाबाहेरच्या कॉलनीत नवीन रो हाऊस बघितलंय, चार घरांची स्कीम आहे. इकडे मित्राने फ्लॅट घेताना होम इन्स्पेक्शनवाले बोलावले होते, त्यांनी कॅमेरा-मीटर लावून जाडजूड रिपोर्ट दिला. वडील म्हणतात भिंती आरशासारख्या आहेत, फुकट पैसे घालवू नको. काय करू? – एक वाचक, मूळ पाचोरा

उत्तर : भाऊ, वडील भिंती बघताय, तुम्ही रिपोर्ट बघताय, आणि खरी भानगड दोघांच्या पायाखाली आहे. आपली तापी-गिरणेकडची काळी माती कपाशीला झकास पण घराच्या जिवावर उठते, कारण पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून एवढ्या भेगा पडतात की शेतात हात जातो. पाया या काळीतच थांबवला असेल तर घर दरवर्षी खालीवर होणार, आणि सगळीकडे सारखं झालं असतं तर चाललं असतं हो, पण बाथरूमच्या कोपऱ्यात पाणी मुरतं तिथे माती फुगलेली आणि पश्चिमेच्या भिंतीखाली वाळून खडंग, म्हणजे घर मधेच पिळवटतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. मी स्वतः सिव्हिलवाला, आणि भुसावळला प्लॉटवर बांधलेलं तयार घर फेब्रुवारीत घेतलं, छान थंडी, छान रंग, बिल्डरच्या घरचा चहा. मे महिन्यात बाथरूमच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघाली आणि जूनपर्यंत तिच्यात दहा रुपयाचं नाणं उभं राहायला लागलं. बायको अजून ते नाणं दाखवते मला.

तर बिल्डरला पहिला प्रश्न हा विचारा की काळी किती फूट होती आणि मुरूम कितीवर लागला. ज्याने पाया खोदलाय तो पटकन सांगतो, जो ततपप करतो त्याचं समजून घ्या. शेजारच्या प्लॉटवर खोदकाम चालू असेल तर सरळ जाऊन खड्ड्यात वाकून बघा, त्याच्यापेक्षा चांगला रिपोर्ट नाही. काळी फार खोल असेल तर मुरमापर्यंत खोदणं परवडत नाही, मग खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाईल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, टाकतात. ही पद्धत रुरकीच्या सीबीआरआय या सरकारी बांधकाम संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी बसवलेली आहे, नवीन काही नाही. दुसरं, जोत्यात भरणी मुरमाची आहे का खोदलेली काळीच परत ढकलली ते विचारा, ढकलली असेल तर दोन वर्षांत हॉलची फरशी पोट वर काढते.

आता इन्स्पेक्शनवाल्यांचं. आपल्याकडे होम इन्स्पेक्टरचं वेगळं सरकारी लायसन असं काही नाही, त्यामुळे कोण येतंय ते बघून घ्या. थर्मल कॅमेरा ओल पकडतो कारण ओली जागा थोडी गार दिसते, मॉइश्चर मीटर भिंतीतली ओल दाखवतो, काठीने टकटक करून पोकळ फरशी ओळखतात, लेझरने लेव्हल बघतात, सगळं कामाचं. पण ती चेकलिस्ट फ्लॅटची असते, पाया त्यांच्या कॅमेऱ्यात येत नाही. म्हणून माझं मत असं की जळगावातलाच एखादा स्ट्रक्चरल इंजिनियर घ्या ज्याने त्या भागात चार-सहा घरांचे पाये काढलेत, आणि त्याला टोकनच्या आधी न्या, नंतर नाही. टोकन दिल्यावर दोष सापडला की माणूस स्वतःचीच समजूत काढायला लागतो.

तुम्ही स्वतः जाल तेव्हा एवढं करा, पंख्याखाली बसू नका. खिडकीच्या कोपऱ्यापासून पायऱ्यापायऱ्यांनी तिरपी गेलेली चीर दिसली तर ती पायाची, तिथे थांबा. कॉलमच्या कडेने उभी केसासारखी चीर असेल तर बहुतेक वेळा ती विटा-काँक्रीटच्या जोडाची असते, चिकन मेश म्हणजे तारेची बारीक जाळी लावून प्लास्टर केलं की भागतं. घराभोवती पाणी बाहेर ढकलणारी उताराची फरशी आहे का आणि शोषखड्डा पायाला चिकटून तर नाही ना ते बघा. अर्थिंगचा खड्डा विचारा, आपल्याकडे मे मध्ये तो कोरडा ठाक होतो आणि मग फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात.

कागदाचंही एक लक्षात ठेवा. रेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा, त्याची नोंदणी असलेल्या प्रोजेक्टमध्ये ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरला 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. पण आठ घरांपर्यंतच्या स्कीमला नोंदणीची सक्ती नाही, तुमची तर चारच घरं, म्हणजे रेरा नंबर नसणारच बहुतेक. मग हीच अट साठेखतात, म्हणजे खरेदीखताच्या आधीच्या करारात, लिहून घ्या. लिहून द्यायला बिल्डर तयार नसेल तर तेच तुमचं इन्स्पेक्शन समजा.

प्रश्न : धुळ्याला देवपुरात आमचं 22 वर्षं जुनं घर विकायचंय. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या बरोबर खाली चारही भिंतींना आडवी चीर आहे. एजंट म्हणतो पुट्टी-पेंट मारा आणि गप बसा. मनाला पटत नाही. – एक वाचक

उत्तर : नाही पटत तेच बरंय. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 म्हणतं की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या नजरेला न दिसणारा मोठा दोष सांगावा लागतो, लपवला तर ती फसवणूक धरली जाते. आणि पुट्टीखाली दाबलेला दोष म्हणजे तुम्ही स्वतःच तो न दिसणारा केला.

पण गंमत अशी की तुम्ही ज्याला घाबरताय ती चीर बहुतेक करून पायाची नाहीच. सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्लॅबला लागून, आडवी म्हणजे उन्हाची चीर. धुळ्या-जळगावच्या 44-45 डिग्रीत गच्ची दिवसभर तापून फुगते, रात्री आखडते, भिंत तेवढी हलत नाही, मग दोघांच्या मधे फाटतं. तिथे पुट्टी एक उन्हाळा टिकत नाही. एप्रिलमध्ये रंग दिला तर गिऱ्हाईक मे मध्ये चीर घेऊन तुमच्या दारात. त्यापेक्षा गच्चीवरचा कोबा नीट करून वरून पांढरा चुना किंवा पांढऱ्या टाईलचे तुकडे लावा, चीर लवचीक सीलंटने भरा, आणि आधी इंजिनियरकडून दोन पानी लिहून घ्या की हे काय आहे आणि काय केलंय. ते कागद गिऱ्हाइकाच्या हातात ठेवले की भाव पाडायला त्याच्याकडे मुद्दा उरत नाही, माझा तरी अनुभव असाच आहे.

फक्त स्लॅबच्या खालून तांबडे डाग किंवा पोपडे सुटून सळई दिसत असेल तर मात्र वरचं सगळं विसरा. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट ढकलून देते, तिथे काँक्रीट न फोडता त्याची ताकद सांगणाऱ्या रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक टेस्ट करूनच बोला.

प्रश्न : बँकेचा माणूस येऊन घर बघून गेला, लोन पास झालं. म्हणजे घर चांगलं शे ना? – नंदुरबार

उत्तर : नाही. तो व्हॅल्युअर, बँकेचे पैसे वसूल होतील का एवढंच बघतो. नळ सोडून बघत नाही.

प्रश्न : अमळनेर तालुक्यात आमचं सासरचं धाब्याचं (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर असलेलं) घर आहे, आता आम्ही दोघंच राहतो. पावसाळ्यात एका खणात माती गळते. दीर म्हणतात धाबं उतरवून त्याच भिंतींवर स्लॅब टाकू. यांना भीती वाटते. – एक भगिनी

उत्तर : ताई, यांची भीती खरी आहे. 10 बाय 12 च्या खोलीवर पाच इंची स्लॅब म्हणजे नुसतं साडेतीन टन वजन. तुम्ही म्हणाल धाब्याची माती काय हलकी असते का, नसते, पण धाब्याचं ओझं तुळयांवरून खांबावर उतरतं, मातीची भिंत नुसती आडोशाला. स्लॅब टाकला की ते सगळं भिंतीच्या डोक्यावर. स्लॅबच हवा असेल तर आतून स्वतंत्र कॉलम उभे करा, त्यांचा पाया वेगळा, आणि तो इंजिनियरने काढलेला, दिरांनी नाही.

त्याआधी मात्र लाकूड तपासा, कदाचित धाबं वाचेल. तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथेच ओल आणि उधई आधी लागते, मधला भाग बघून काही कळत नाही. एक जुना पेचकस घ्या आणि टोकाशी जोर देऊन टोचा. टणक लागला आणि ठोकल्यावर खणखणीत वाजलं तर लाकूड जिवंत आहे. भाकरीत बोट जावं तसा आत गेला आणि भुसा सांडला तर त्या खणाखाली आजच टेकू लावा आणि तिथे झोपणं बंद करा.

आणि दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची आपल्याकडे पद्धत आहे, पण जुनी कुणी काढत नाही, थरावर थर चढत जातो. गळतंय म्हणून यंदा अजून टाकायला जाल तर तुळई बसेल. जुने थर खरवडून कमी करा, मग पातळ नवा थर द्या, उतार पन्हाळाकडे ठेवा. हे काम अक्षयतृतीयेच्या आसपास, माती कोरडी असताना करा, आणि काढताना एका कडेने सगळी उपसू नका, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी, खाली टेकू लावलेले असतानाच.