ईल किती संकटात आहे, हे ठरवायचे कसे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : अंडी घालणाऱ्या युरोपीय ईलची (सापासारख्या लांबट माशाची) गणती कधी झालेलीच नाही, असे वाचले. मग तिला ‘अतिसंकटग्रस्त’ कशाच्या आधारे ठरवले?

उत्तर : ही ईल वाढते नद्यांमध्ये, पण अंडी घालण्यासाठी अटलांटिक ओलांडून सारगासो समुद्रात जाते, आणि तिला तेथे अंडी घालताना आजवर कोणीही पाहिलेले नाही. त्यामुळे मोजणी दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे समुद्रातून नदीमुखाशी येणाऱ्या पिल्लांवरून करावी लागते. बोटाएवढ्या लांबीची ही ‘काच-ईल’ इतकी पारदर्शक असते की तिचे काळे डोळे आणि कण्याची रेघ तेवढी नजरेस पडते. ठरावीक ठिकाणी वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदींनुसार १९८०च्या सुमारास ही आवक कोसळू लागली. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर ती आज १९६०–७९ या काळाच्या सरासरीच्या १ टक्क्याच्या आसपास, तर युरोपात इतरत्र १० टक्क्यांच्या आसपास आहे.

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीचा, म्हणजे संकटातील प्रजातींच्या यादीचा, निकष असा, की दहा वर्षे किंवा तीन पिढ्या यांपैकी जो काळ मोठा, त्या काळात प्रौढांची संख्या ८० टक्के वा अधिक घटली आणि घटीची कारणे कायम असली, तर प्रजाती अतिसंकटग्रस्त ठरते. पिढी पंधरा वर्षांची धरली तर पंचेचाळीस वर्षे मागे पाहावे लागते. म्हणूनच वयाचा अंदाज चुकला तर सगळे गणित चुकते, आणि त्यासाठी माशाच्या कानातील खड्याचा पातळ छेद घेऊन त्यावरील वार्षिक वलये मोजली जातात. पिल्लांच्या आवकेवरून प्रौढांचा अंदाज बांधण्यात अनिश्चितता आहे, हे मान्यच केले पाहिजे. मात्र घट इतकी खोल आहे की त्या अनिश्चिततेचा आधार घेऊन निर्णय लांबवणे मला समर्थनीय वाटत नाही.

प्रश्न : एखाद्या नदीत ईल भरपूर सापडत असतील, तर तेथे तरी ती सुरक्षित मानावी का?

उत्तर : नाही. युरोपीय ईलची सर्व नद्यांतील मिळून एकच प्रजननसंख्या मानली जाते. पिल्लू आपल्या आईच्या नदीत परतत नाही, प्रवाह नेईल तेथे पोहोचते. शिवाय नदीत दिसणाऱ्या पिवळ्या, म्हणजे वाढीच्या टप्प्यातील, ईल बऱ्याच वर्षांपूर्वी आलेल्या असू शकतात, किंवा दुसरीकडून आणून सोडलेल्या असतात. आवक आटली तरी नदी काही काळ भरलेली दिसते, आणि त्या दृश्याने अनेकांची फसगत होते.

प्रश्न : अमेरिकन ईलला लाल यादी ‘संकटग्रस्त’ म्हणते, पण अमेरिकेच्या वन्यजीव विभागाने २०१५मध्ये तिला कायद्याचे संरक्षण नाकारले. बरोबर कोण?

उत्तर : दोघांपुढचे प्रश्नच वेगळे होते. लाल यादी घटीचा वेग पाहते, तर त्या कायद्यात प्रजाती नष्ट होण्याचा धोका आज किंवा नजीकच्या भविष्यात आहे का, हे तपासले जाते. फार मोठ्या प्रदेशात पसरलेली प्रजाती वेगाने घटूनही नामशेष होण्यापासून दूर असू शकते. तेव्हा कायद्याने नाकारलेले संरक्षण म्हणजे प्रजाती सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र नव्हे.

प्रश्न : शेततळ्यांत लाखोंनी ईल वाढवल्या जातात. त्यांची गणना का होत नाही?

उत्तर : कारण त्या सगळ्या निसर्गातून पकडलेल्या काच-ईलपासूनच वाढवलेल्या असतात आणि प्रजननाआधीच विकल्या जातात. जपानी शास्त्रज्ञांनी २०१०मध्ये बंदिस्त जागेत ईलचे संपूर्ण जीवनचक्र पूर्ण केले, पण व्यापारी प्रमाणात ते अजून परवडत नाही. तोवर तळ्यातील प्रत्येक ईल ही नदीतून कमी झालेली ईलच धरावी लागेल.